मलाजखंड पोर्फिरी की क्वार्ट्झ रीफ? आधी सांग, होल कुठल्या दिशेने मारशील

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे मागून वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. इंदूरची एमएस्सी जिऑलॉजीची एक विद्यार्थिनी कॉलेजच्या टूरबरोबर मलाजखंडला, मध्य प्रदेशातल्या तांब्याच्या खाणीवर, जाऊन आली. एक सर म्हणाले हे पोर्फिरी कॉपर-मॉलिब्डेनम डिपॉझिट, दुसरे सर म्हणाले छे, ग्रॅनाइटमधली साधी हायड्रोथर्मल क्वार्ट्झ रीफ, म्हणजे गरम पाण्याने भेगेत साचवलेली क्वार्ट्झची जाड, भिंतीसारखी शीर. तिचं म्हणणं, 1969 पासून ड्रिलिंग चाललंय तर एवढी साधी गोष्ट अजून ठरली कशी नाही, आणि व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं तर कोणत्या सरांची बाजू घेऊ. वर एक छोटा प्रश्न, सँपलमध्ये करडी चमकणारी चकती आहे, मैत्रीण म्हणते ग्रॅफाइट आहे, ते कसं ओळखायचं.

मी पण इंदूरचाच, तीसेक वर्षं तांब्याच्या मागे रानोमाळ फिरलो, आता रिटायर होऊन घरी बसलोय. तुला तू म्हटलं तर चालेल ना बेटा, वयाने माझ्या मुलीएवढी असशील.

आधी ती चकती, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. चकती नखाने उचलून बघ. पातळ पापुद्रा निघाला, वाकला पण तुटला नाही आणि बोटाला तेलकट लागला तर ती गॅलेना, म्हणजे शिशाचं खनिज, नाही, गॅलेनाचे ठोकळे पडतात, पापुद्रे नाहीत. आता ग्रॅफाइट की मॉलिब्डेनाइट (मॉलिब्डेनमचं खनिज), इथे भलेभले फसतात कारण दोन्ही मऊ आणि दोन्ही कागदावर उमटतात. पांढऱ्या कागदावर चकती घास आणि शेजारी साध्या पेन्सिलीची एक रेघ ओढ, पेन्सिलीतलं शिसं म्हणजे ग्रॅफाइटच की. पेन्सिलीची रेघ काळपट करडी दिसेल, मॉलिब्डेनाइटच्या रेघेला निळसर झाक येते, आणि चिनीमातीच्या गुळगुळीत बशीवर घासलंस तर हिरवट दिसते. घरातली जुनी फुटकी बशी चालेल, आईची चांगली घेऊ नकोस. मोठा तुकडा असता तर हातात वजनानेच कळलं असतं, मॉलिब्डेनाइट ग्रॅफाइटच्या दुपटीहून जड. मलाजखंडच्या ग्रॅनाइट-क्वार्ट्झमधून आणलेली चकती असेल तर मी डोळे झाकून मॉलिब्डेनाइटवर पैज लावीन, पण तू घासून बघच.

आता मुख्य प्रश्न. तू विचारतेयस की कोणते सर बरोबर, पण खरी अडचण वेगळीच आहे असं मला वाटतं. पोर्फिरी हा शब्द आपल्याकडे तीन अर्थांनी वापरतात आणि मग वाद घालणारे दोघे दोन वेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. पहिला अर्थ दगडाचा पोत, बारीक दाण्यांच्या दगडात मोठे स्फटिक बसलेले, ते तू फर्स्ट इयरला शिकलीस. दुसरा, डिपॉझिटचा प्रकार, म्हणजे जमिनीखाली काही किलोमीटरवर मॅग्मा थंड होताना त्यातून सुटलेलं गरम खारं पाणी आजूबाजूच्या दगडात बारीक बारीक भेगांचं जाळं करतं आणि त्या जाळ्यात आणि दगडाच्या अंगभर तांबं, मॉलिब्डेनम विखरून टाकतं. तिसरा अर्थ बाजारातला, ‘प्रचंड मोठं पण गरीब डिपॉझिट’, ज्यात टक्केवारी कमी आणि टनेज अफाट. जगातल्या तांब्यापैकी साधारण तीन चतुर्थांश आणि मॉलिब्डेनमपैकी जवळपास निम्मं याच प्रकारातून येतं, त्यामुळे ज्याला त्याला आपलं डिपॉझिट पोर्फिरी असावंसं वाटतं, मुलीच्या लग्नात स्थळ कसं मोठ्या घरातलं सांगतात तसं.

दुसऱ्या अर्थाने बघायचं तर कसोटी अल्टरेशनची, म्हणजे त्या गरम पाण्याने दगडातली खनिजं कशी बदलली त्याची. डेव्हिड लोवेल आणि जॉन गिल्बर्ट या दोघांनी 1970 मध्ये जे मॉडेल मांडलं ते तू वाचलं असशील. मधे पोटॅशिक झोन, म्हणजे गुलाबी के-फेल्डस्पार आणि तपकिरी बायोटाइट, त्याच्या बाहेर सेरिसाइट-क्वार्ट्झ-पायराइटचा फिलिक, आणि सगळ्यात बाहेर क्लोराइट-एपिडोटचा हिरवा प्रोपिलिटिक. कांद्याच्या पाकळ्यांसारखं. पण हे मॉडेल वर्गात बसून आलेलं नाही, त्याच्या मागची गोष्ट बहुतेक सर सांगतच नाहीत. अॅरिझोनात सॅन मॅन्युएल नावाची खाण होती, तिथे लोवेलच्या लक्षात आलं की झोन पूर्ण गोल नाहीत, अर्धेच आहेत, म्हणजे एखाद्याने कांदा उभा चिरून अर्धा नेला असावा. तिथे एक फॉल्ट होता, म्हणजे जिच्यावरून दगड सरकतो अशी भेग. जुने लॉग (होलमध्ये काय लागलं त्याच्या नोंदी), जुना कोर (होलमधून काढलेला दगडाचा दंडगोल) बघून त्याने हिशेब केला की दुसरा अर्धा भाग फॉल्टवरून सरकून कुठे गेला असेल, आणि साठच्या दशकात तिथे खोल होल मारले तर खरोखर सापडला, कालामाझू नाव दिलं त्याला. मला या गोष्टीतलं तांब्यापेक्षा हे आवडतं की त्याने जुन्या माणसांनी लिहून ठेवलेले लॉग पुन्हा वाचले. त्या माणसांनी नुसतं ‘पोर्फिरी, मिनरलाइज्ड’ असं खरडलं असतं तर लोवेलला काय घंटा कळलं असतं?

आता ही फुटपट्टी मलाजखंडला लावू. बालाघाट जिल्हा, ग्रॅनाइट-ग्रॅनोडायोराइटचा मुलूख, त्यात उभ्या उतरणीची, कमानीसारखी वळलेली क्वार्ट्झची रीफ, लांबी सुमारे दोन किलोमीटर. क्वार्ट्झ टणक म्हणून भोवतालचा ग्रॅनाइट झिजला आणि रीफ टेकडी होऊन उभी राहिली. जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, 1969 ला पद्धतशीर शोध सुरू केला, नंतर हिंदुस्तान कॉपरकडे आलं आणि 1982 पासून ओपन कास्ट खाण. पिटच्या कडेला उभं राहून तू ते पायऱ्या पायऱ्यांचं भगदाड बघितलंच आहेस. मुख्य खनिज चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं-लोखंड-गंधकाचं पिवळं खनिज, सोबत पायराइट, थोडं मॉलिब्डेनाइट, आणि वरच्या हवापाणी लागलेल्या भागात चाल्कोसाइट, मॅलाकाइट वगैरे रंगीत मंडळी, जी सगळे विद्यार्थी खिशात भरून आणतात. तू पण आणलं असशील, खोटं बोलू नकोस.

पोर्फिरी म्हणणाऱ्यांची बाजू काय? तांबं आणि मॉलिब्डेनम जोडीने, ग्रॅनाइट योग्य जातीचा म्हणजे कॅल्क-अल्कलाइन, रीफजवळ गुलाबी के-फेल्डस्पारचं अल्टरेशन, आणि रीफच्या बाहेर ग्रॅनाइटमध्ये पण बारीक शिरांतून विखुरलेलं गरीब तांबं. सिक्का आणि नेहरू यांनी 2002 मध्ये हीच बाजू लावून धरली. मग होली स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मॉलिब्डेनाइटचंच वय काढलं. मॉलिब्डेनाइटमध्ये रेनियम असतं, ते फार फार सावकाश ऑस्मियममध्ये बदलतं, अर्धआयुष्य चार हजार कोटी वर्षांच्या वर, त्यामुळे हे घड्याळ जुन्या दगडाला मस्त चालतं. वय आलं साधारण 249 कोटी वर्षं. ग्रॅनाइटच्या झिरकॉनचं वय 248 कोटींच्या आसपास. एररच्या हिशेबात दोन्ही जवळजवळ एकच. म्हणजे तांबं नंतर कुठूनतरी येऊन बसलं असं नाही, ग्रॅनाइट आणि धातू एकाच घटनेतले, एवढं तर मान्य करावंच लागतं.

विरोधकांची बाजू पण लेचीपेची नाही हो. त्यांचं म्हणणं, श्रीमंत तांबं तर सगळं एका जाड रीफमध्ये बसलंय, भेगांच्या जाळ्यात पसरलेलं नाही. कांद्याच्या पाकळ्या नीट दिसत नाहीत. आणि क्वार्ट्झच्या आत अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब, फ्लुइड इन्क्लूजन, तापवून बघितले तर टिपिकल पोर्फिरीत जसं खूप गरम आणि इतकं खारट पाणी मिळतं की थेंबात मिठाचा चौकोनी स्फटिक तरंगतो, तसं इथे मिळालं नाही. पाणिग्रही आणि मुखर्जी यांनी 1997 मध्ये कमी तापमानाच्या द्रवाचा मुद्दा मांडला. लक्षात घे, पाणी ग्रॅनाइटशी नातं असलेलंच, हे ते पण म्हणतात. म्हणजे दोन्ही पक्षांत जेवढं भांडण वर्गात ऐकू येतं तेवढं कागदावर नाहीच, भांडण आहे ते पाणी किती गरम होतं आणि कसं वाहिलं यावर.

आणि इथे एक गोष्ट परिस्थितीवर सोडावीच लागते. एल तेनिएन्ते हे चिलीतलं पोर्फिरी जेमतेम 50 लाख वर्षांचं आहे, ताजं ताजं, काल चिरलेल्या कांद्यासारखं. मलाजखंडने 249 कोटी वर्षांत काय काय सोसलंय, दाबलं गेलं, चिरडलं, वरचं किती किलोमीटर झिजून गेलं कोण जाणे. पोर्फिरी तयारच होतात उथळ आणि उंच उचलल्या जाणाऱ्या डोंगरपट्ट्यात, म्हणून जुनी फारशी उरत नाहीत, पहिली धुऊन जातात. जे उरलं ते ओळखू येईलच असं नाही. हिरवं क्लोराइट-एपिडोट दिसलं की मुलं वहीत प्रोपिलिटिक लिहून मोकळी होतात, पण नंतरच्या मेटामॉर्फिझमनेही, म्हणजे दाब-उष्णतेने दगड बदलण्यानेही, अगदी तसलंच हिरवं होतं. गुलाबी रंगाचं पण तेच. गुलाबी दिसलं म्हणजे पोटॅशिक असं नाही, काही ग्रॅनाइट जन्मतःच गुलाबी. बघायचं हे की गुलाबी रंग शिरेच्या दोन्ही बाजूंना काठासारखा चालतोय का, साडीच्या काठासारखा, शीर वळली की तो पण वळतो का, शीर संपली की तो पण संपतो का. तसं असेल तर अल्टरेशन, अंगभर सारखा असेल तर बहुतेक मूळचा. आणि कोर ओला करून बघ, कोरड्या कोरवर काहीच कळत नाही, मी तर एक पाण्याची बाटली आणि जुना रंगाचा ब्रश नेहमी जवळ ठेवायचो.

आता तू म्हणशील, काका, नाव काहीही असो, फरक काय पडतो. पडतो, आणि तो मला फार महागात पडून कळला, तोच सांगण्यासाठी एवढं लांबण लावलंय.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दुसऱ्या राज्यात ग्रॅनाइटमधलं तांब्या-मॉलिब्डेनमचं एक प्रॉस्पेक्ट (खाण होईल का हे तपासायची जागा), कुठलं आणि कुणाचं ते सोडून दे. वर मातीचा थर, दगड उघडा फारसा नाही. आमच्या साहेबांनी पहिल्याच मीटिंगमध्ये ठरवून टाकलं होतं की ही पोर्फिरी आहे. पोर्फिरी म्हणजे सगळीकडे विखुरलेलं, मग दिशेचा काय संबंध, उभे होल मारा, दोनशे मीटरच्या ग्रिडवर. मी ज्युनिअर, मान डोलावली. पहिले तीन होल कोरडे गेले, नावाला थोडं पायराइट. चौथ्या होलला चाल्कोपायराइट लागलं आणि संपेचना, दहा मीटर, वीस मीटर, साठ मीटर सलग. कॅम्पवर पेढे वाटले, साहेबांनी वर फोन लावला. रात्री कंदिलाच्या उजेडात मी कोर बॉक्स परत उघडले, उगाच, आनंदात, आणि लेन्स लावून बघतोय तर क्वार्ट्झच्या शिरेचा काठ कोरच्या लांबीला जवळपास समांतर धावतोय, बॉक्समागून बॉक्स, तोच काठ. प्रोट्रॅक्टर लावला तर कोन दहा अंशांचा. म्हणजे शीर ऐंशी अंशांनी उभी होती आणि आमचा उभा होल तिच्या पोटातून लांबीने उतरला होता. साठ मीटरला साइन दहा ने गुणलं की खरी जाडी निघते दहा मीटर. साठ नाही, दहा! आणि आधीचे तीन होल कोरडे का गेले तेही कळलं, ते शिरांच्या मधल्या ग्रॅनाइटमध्ये उभे उतरले, शिरांना शिवलेच नाहीत.

सकाळी मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पोर्फिरीत असं लोकल व्हेरिएशन असतं. पुढचे पाच होल पण उभेच मारले. पैसे संपले, रिपोर्टमध्ये ‘मिनरलायझेशन अनियमित’ असा शेरा पडला, आम्ही गाशा गुंडाळला. अनियमित काही नव्हतं, आम्हीच चुकीच्या दिशेने भोकसत होतो. दोन ट्रेंच आडव्या खणल्या असत्या, मातीखालच्या दगडात शिरांचा स्ट्राइक-डिप, म्हणजे दिशा आणि उतार, मोजला असता, आणि साठ अंशांचे तिरके होल शिरांना आडवे मारले असते तर अर्ध्या खर्चात खरं काय ते कळलं असतं. खाण झाली असती असं मी म्हणत नाही, कदाचित नसतीच झाली, पण निदान नकार तरी खरा मिळाला असता.

म्हणून मला कुणी विचारलं की पोर्फिरी आहे का, तर मी उलट विचारतो, तुमच्या उत्तराने पुढचा होल कुठे आणि किती तिरका जाईल ते सांगा. विखुरलेलं असेल तर ग्रिड, उभी रीफ असेल तर तिला आडवा तिरका होल. मलाजखंडला कागदावर भांडण कितीही असो, रीफचा उतार तर डोळ्यांना दिसतो, खाण त्याच उताराने खाली खाली गेली, आणि जेव्हा खुल्या खाणीला कड्या मागे सारत दगड उपसणं परवडेना तेव्हा जमिनीखालच्या खाणीकडे वळावं लागलं.

नावाने खाण होत नाही याचं एक उदाहरण बाहेरचं देतो. नामिबियाच्या दक्षिणेला हाइब नावाचं प्रॉस्पेक्ट आहे, ते पण म्हातारं, 180-190 कोटी वर्षांचं, तांबं-मॉलिब्डेनमच, आणि त्याला पोर्फिरी म्हणायला कुणाची ना नाही. साठच्या दशकापासून एकामागून एक कंपन्या आल्या, सत्तरच्या दशकात रिओ टिंटोने शंभराहून जास्त होल मारले, नंतर पण हात बदलत राहिले. पण मोठी खाण झालीच नाही कारण तांबं साधारण 0.3 टक्के. म्हणजे एका टन दगडात तीन किलो, प्लांटमधलं नुकसान धरून हाती अडीच. आपल्या कसेरा बाजारातल्या पाणी प्यायच्या तांब्यांच्या हिशेबात सांगायचं तर एक टन दगड फोडा, दळा, तरंगवा आणि सात तांबे घरी आणा. मलाजखंडला सुरुवातीला टक्क्याच्या आसपास तांबं होतं, म्हणजे तिप्पट, म्हणून नावाचं भांडण चालू असताना खाण पण चालू राहिली. तेव्हा कुठल्याही प्रॉस्पेक्टचा इतिहास वाचताना ‘किती कंपन्या आल्या’ हे मोजू नकोस, प्रत्येक कंपनी का गेली ते शोध. तांब्याचा भाव पडला म्हणून गेली, ग्रेड कमी म्हणून, पाणी-वीज नाही म्हणून, की आमच्यासारखी चुकीच्या दिशेने होल मारून गेली. रिपोर्टमध्ये हे सरळ लिहिलेलं नसतं. होलच्या अॅझिमथ आणि इन्क्लिनेशनचा, म्हणजे दिशेचा आणि तिरकेपणाचा, तक्ता मागे अपेंडिक्समध्ये असतो, तो आधी बघायचा. सगळे होल उणे 90, म्हणजे सरळ उभे, दिसले आणि मजकुरात ‘स्टीप व्हेन्स’ लिहिलेलं दिसलं की समजायचं, इथे परत जाण्यात अर्थ असू शकतो.

तू जाता जाता विचारलंयस की इंदूरजवळ असलं काही का नाही. आपण बसलोय डेक्कन ट्रॅपवर, साडेसहा कोटी वर्षांचा काळा दगड, लाव्ह्याचे थर. त्या खाली काय झाकलंय ते झाकलेलंच आहे. बोअरवेलवाल्यांचा चुरा बघत बस, काळा नाहीतर लालसर, बाकी काही नाही.

व्हायवाचं म्हणशील तर एका वाक्यात असं सांग: वयं सांगतात की ग्रॅनाइट आणि तांबं-मॉलिब्डेनम एकाच काळातले, म्हणून मॅग्मॅटिक-हायड्रोथर्मल कुळ नक्की, पण श्रीमंत धातू उभ्या रीफमध्ये आहे आणि द्रवाचे पुरावे टिपिकल पोर्फिरीशी जुळत नाहीत, म्हणून क्लासिक मॉडेल जसंच्या तसं लागत नाही, आणि मला पुढचा होल मारायचा झाला तर मी रीफच्या डिपला आडवा मारीन. एक्स्टर्नल पोर्फिरीवाला असो की रीफवाला, तिसऱ्या भागावर गप्प बसेल. नाही बसला तर त्याला विचार, सर तुम्ही कुठे माराल? (असं प्रत्यक्षात विचारू नकोस, मार्क त्याच्या हातात आहेत.)

आणि एक राहिलं. तुझ्या प्रश्नात सगळं आहे, सरांची मतं, खनिजांची नावं, पण रीफचा डिप तू स्वतः किती मोजलास ते लिहिलं नाहीस. क्लिनोमीटर होता ना बरोबर? वहीत रीडिंग असतील तर टाक इथे, जागेसकट, आणि त्या चकतीचा कागदावर घासलेला फोटो पण, शेजारी पेन्सिलीची रेघ ओढून, दिवसाच्या उजेडात काढलेला, ट्यूबलाइटखाली निळी झाक खोटी दिसते.